पोट फुगतंय, गॅसेस असतील... तुमच्या फॅमिली डॉक्टरांनी काय ओळखलं, काय निसटलं?

माझ्या ताईला अंडाशयाचा कॅन्सर झाला. हा आजार शेवटपर्यंत कळूच देत नाही, असं सगळे म्हणाले. पण ताईचं चार महिने पोट फुगत होतं, दोन घासांत पोट भरायचं, लघवीला सारखं जावं लागायचं. तीनदा दवाखान्यात गेली, तिन्ही वेळा पित्ताच्या गोळ्या घेऊन आली. डॉक्टर वाईट नव्हते. त्या दिवसापुरतं ऐकत होते, मागच्या भेटीशी जोडत नव्हते. तुमच्याकडे काय झालं? चांगले अनुभवही लिहा.

~

माझा चांगलाच आहे. वय ५६, पाळी जाऊन पाच वर्षं. पोट बिघडलंय म्हणून गेले, तर डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून? आणि महिन्यातले किती दिवस?" म्हटलं, जवळजवळ रोजच. त्यांनी झोपवून पोट दाबून पाहिलं. म्हणाले, "पन्नाशीनंतर पहिल्यांदाच आयबीएस, म्हणजे आतड्यांचा तो नेहमीचा त्रास, सुरू झाला, हे मला पटत नाही." सीए-१२५ ही रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी लगेच लिहून दिली. डाव्या अंडाशयावर गाठ निघाली, बाहेर पसरलेली नव्हती. ऑपरेशन, मग केमो. ते दोन प्रश्न विचारायला मिनिटही लागलं नसेल.

~

आईचं पॅप स्मिअर दर वेळी नॉर्मल यायचं, म्हणून आम्ही निर्धास्त. ती तपासणी गर्भाशयाच्या मुखाची, अंडाशयासाठी नाहीच, हे पोटात पाणी झाल्यावर कळलं. तिसरी स्टेज.

~

मी जनरल प्रॅक्टिस करते, म्हणून दुसरी बाजू. पोटाच्या तक्रारी रोजच्या. हा कॅन्सर कित्येक वर्षांतून एखादा. माझ्या हातूनही एक निसटली आहे. सीए-१२५ ३५च्या आत, म्हणजे नॉर्मल आला आणि मी निश्चिंत झाले. सुरुवातीच्या टप्प्यात जवळपास निम्म्या जणींत तो वाढलेलाच नसतो, हे शिकले होते. नेमकं त्या दिवशी आठवलं नाही. तिचा त्रास थांबला नव्हता, मी परत बोलवायला हवं होतं. आता सांगूनच पाठवते: त्रास चालूच राहिला तर गोळ्या बदलून घ्यायला नव्हे, पुन्हा तपासायला या. (सरसकट सगळ्यांची चाचणी का नाही, असं कुणीतरी विचारेलच. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर ते करून पाहिलं. २०२१च्या निकालात मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत.)

~

उलटा अनुभव. वय ३४, सीए-१२५ वाढलेला. तीन रात्री झोप नाही. निघालं एंडोमेट्रिऑसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं; कॅन्सर नव्हे. त्यातही तो वाढतो, एवढं रिपोर्ट हातात देताना सांगितलं असतं तर!

~

"घरात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर?" असं आमच्या डॉक्टरांनी विचारलं, तेही मी सर्दीसाठी गेले असताना. मी नाही म्हटलं. आत्याला होता, पण वडिलांकडचं कशाला धरायचं? त्यांनीच खोदून विचारलं. या दोन्ही कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए-१ या जनुकातला दोष वडिलांकडूनही येतो, आणि तो माझ्यात निघाला. दुसरं मूल झाल्यावर, ३८व्या वर्षी, नळ्या आणि अंडाशय काढून घेतले. पाळी अचानक गेल्याचा त्रास खूप झाला, तेही लिहून ठेवते.

~

धागाकर्ती: ताईच्या तिन्ही चिठ्ठ्या काढून पाहिल्या. लघवीचा उल्लेख कुठेच नाही. आज तिला विचारलं. म्हणाली, "त्यांनी पोटाचं विचारलं, मी पोटाचं सांगितलं. ते मला वेगळंच दुखणं वाटत होतं."