टॅक्स शून्य झाला, मग आखूड रायफलीची नोंदणी कशाला?

दगडफूल (धागाकर्ता, ऑस्टिन, टेक्सास)
ग्रीन कार्डवाला, रविवारी रेंजवर जाणारा माणूस आहे मी. परवा गॅरेजमध्ये रायफलीला दुसरी, वापरलेली नळी बसवली आणि मोजायला बसलो. बोल्ट बंद करायचा, तोंडाकडून लाकडी काडी आत टेकवायची, खूण करायची, बाहेर काढून टेप लावायचा. सव्वासोळा इंच भरली. १६ च्या आत भरली असती तर तीच रायफल 'शॉर्ट बॅरल्ड' ठरते, आणि नोंदणीशिवाय सापडली तर १० वर्षांपर्यंत तुरुंग. एकूण लांबी २६ इंचांच्या आत असली तरी तेच.

हा आकडा काही शास्त्रातून आलेला नाही. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टच्या (अमेरिकेचा फेडरल बंदूक-नोंदणी कायदा) मसुद्यात पिस्तुलंही होती. लोक रायफल कापून तिचं पिस्तूल करतील म्हणून आखूड रायफलही धरली. पुढे पिस्तुलं वगळली, ही मात्र राहून गेली. मर्यादाही आधी १८ इंच होती, १९६० मध्ये १६ झाली. आणि आता १ जानेवारी २०२६ पासून अशी रायफल बनवण्या-घेण्यावरचा २०० डॉलरचा टॅक्स शून्य! तरी फॉर्म, ठसे, फोटो आहेतच. १९३७ मध्ये सुप्रीम कोर्टाने या कायद्यातला विक्रेत्यांवरचा कर टिकवला तो सरकारच्या कर लावण्याच्या अधिकारावर. करच गेला तर खाली उरलं काय? माझं मत, आखूड रायफल यादीतून काढून टाका.

जर्सीची_सून
कर हा मुखवटा होता हो. १९३४ मध्ये २०० डॉलर म्हणजे घेणाऱ्याने दहादा विचार करावा अशी रक्कम. ती ९० वर्षांत एका सेंटनेही वाढली नाही, म्हणून तुम्हाला ती किरकोळ वाटायला लागली. खरा हेतू, कोणाकडे काय आहे याची नोंद. कोटाखाली मावते आणि वर खांद्याला टेकवून नेमही धरता येतो, अशी वस्तू पिस्तुलापेक्षा वेगळीच. सातव्या सर्किटच्या (विभागाच्या) फेडरल अपील कोर्टाने २०२५ मध्ये ही नोंदणी घटनेत बसते असंच म्हटलंय.

काडतूस_नको
मग साडेदहा इंच नळीचं, खांद्याचा दस्ता नसलेलं एआर-१५ रायफलीच्या धाटणीचं 'पिस्तूल' कसं काय चालतं? नोंदणी नाही, काही नाही. दस्ता लावला की गुन्हा. अशा पिस्तुलाच्या मागे हाताच्या आधारासाठी बसवतात त्या मनगटाच्या पट्ट्याचं (ब्रेस) तर हसूच झालं. २०२३ मध्ये एटीएफ (बंदुकांवर देखरेख करणारं फेडरल खातं) म्हणते, हा पट्टा म्हणजे बहुतेक वेळा दस्ताच. २०२४ मध्ये टेक्सासातलं फेडरल कोर्ट तो नियमच रद्द करतं. मधल्या काळात लोकांनी काय करायचं, पट्टा लावायचा की पुरून ठेवायचा?

जर्सीची_सून
तो नियम वाईट लिहिला होता, मान्य. पण कुंपणाला भोक आहे म्हणून कुंपणच उपटायचं का?

नवाकोरा
टेक्सासने सप्टेंबर २०२५ पासून आखूड नळीची हत्यारं राज्याच्या बंदीयादीतून काढली ना? मग दगडफूलराव, आता रान मोकळं?

दगडफूल
अजिबात नाही! इथेच लोक फसतात. राज्याने हात काढला, फेडरल कायदा तसाच आहे. स्वतः कापून बनवायची तर फॉर्म १, विकत घ्यायची तर फॉर्म ४, आणि मंजुरी हातात येईपर्यंत थांबायचं. उलटंही होतं. फेडरल मंजुरी खिशात असली तरी कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क किंवा सूनबाईंच्या जर्सीत ती दाखवून सुटका नाही. परराज्यात न्यायची तर आधी एटीएफची वेगळी परवानगी. आणि एच-१बी वाल्यांनो, तुमची गोष्टच निराळी. तुम्हाला मुळात कुठलीच बंदूक बाळगता येत नाही. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, ते वकिलाला विचारा, मला नको.

सदाशिव_खवचट (पुणे)
इकडे आर्म्स अ‍ॅक्टचं कलम ६ आहे. परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करायची नाही, विषय संपला. इंचाचा घोळ नाही, काडी नाही.

काडतूस_नको
म्हणूनच तर तिकडे कट्टे मिळत नाहीत, नाही का?

सदाशिव_खवचट
टोमणा पोचला. पण कट्टा बनवणारा तुमच्याकडचाही फॉर्म भरणार नाही.

जर्सीची_सून
दगडफूल, एक विचारू? सव्वासोळा मोजलंत ते तोंडावरच्या फ्लॅश हायडरसकट (गोळी सुटतानाची ज्वाळा लपवणारा जोड) का? नुसता आट्यांवर फिरवून बसवलेला असेल तर तो लांबीत धरत नाहीत. वेल्ड करून वगैरे कायमचा पक्का केलेला हवा.

दगडफूल
...फिरवूनच बसवलाय. आलोच, गॅरेजमध्ये जाऊन येतो.