मदत हवी आहे : मॅडिसन यांची फेटाळली गेलेली घटनादुरुस्ती कशी समजून घ्यावी?

नमस्कार.

मी पदवीच्या वर्गाला राज्यशास्त्र शिकवते आणि सध्या तुलनात्मक राज्यघटना हा भाग चालू आहे. भारतीय संविधानाच्या १२ व्या अनुच्छेदात ‘राज्य’ या संज्ञेत केंद्र सरकार व संसद, राज्यांची सरकारे व विधिमंडळे आणि स्थानिक संस्था या सर्वांचा समावेश होतो, त्यामुळे मूलभूत हक्कांचे बंधन या सगळ्यांवर येते. अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती मात्र ‘काँग्रेस (म्हणजे अमेरिकेची संसद) असा कोणताही कायदा करणार नाही’ अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होते आणि घटक राज्यांविषयी काहीच बोलत नाही. हे शिकवत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, “हक्क जर माणसाचे असतील, तर ते एकाच सरकारापासून का जपायचे?”

पाठ्यपुस्तकातले उत्तर सर्वांना माहीत आहे. अमेरिकेची राज्यघटना तयार करणाऱ्या १७८७ च्या फिलाडेल्फिया परिषदेत १२ सप्टेंबरला जॉर्ज मेसन यांनी हक्कांची सनद घटनेला जोडावी असे सुचवले, पण उपस्थित राज्यांपैकी एकानेही त्या बाजूने मत दिले नाही. पुढे मेसन यांनी घटनेवर सही करण्यास नकार दिला आणि सनदेचा अभाव हा घटनेच्या विरोधकांचा मुख्य आक्षेप बनला. या विरोधकांना भीती वाटत होती ती दूरच्या, नव्या केंद्र सरकारची. आपापल्या राज्यात तर बहुतेकांकडे आधीपासून सनदा होत्या आणि १७७६ ची व्हर्जिनियाची सनद खुद्द मेसन यांनीच रचली होती. म्हणून १७९१ मध्ये मंजूर झालेल्या दहा दुरुस्त्यांनी केंद्राला बांधले आणि राज्यांना मोकळे ठेवले, असे हे उत्तर आहे.

माझी अडचण घटनेचे एक प्रमुख शिल्पकार जेम्स मॅडिसन यांच्यापाशी सुरू होते. आधी ते हक्कांची सनद अनावश्यक मानत. ८ जून १७८९ रोजी मात्र त्यांनीच प्रतिनिधिगृहात, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात, दुरुस्त्यांचा मसुदा मांडला. त्यात एक कलम असे होते, की कोणतेही राज्य सदसद्विवेकबुद्धीच्या समान हक्कांचा, वृत्तपत्रस्वातंत्र्याचा किंवा फौजदारी खटल्यातील ज्यूरीच्या हक्काचा भंग करणार नाही. १७ ऑगस्टला हे कलम चर्चेला आले तेव्हा दक्षिण कॅरोलिनाचे टकर यांनी राज्यांच्या कारभारात आधीच पुष्कळ ढवळाढवळ झाली आहे असे म्हणून ते वगळण्याची सूचना केली, त्यावर मॅडिसन यांनी हीच दुरुस्ती संपूर्ण यादीत सर्वांत मोलाची असल्याचे उत्तर दिले. प्रतिनिधिगृहाने ते कलम स्वीकारले. सप्टेंबरमध्ये सिनेटने ते काढून टाकले.

मॅडिसन यांच्या मतपरिवर्तनाचे जे कारण सर्वत्र दिले जाते ते निवडणुकीचे. घटनेचे विरोधक पॅट्रिक हेन्री यांच्या प्रभावाखालील व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने त्यांना सिनेटमध्ये जाऊ दिले नाही, मग प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीत त्यांना जेम्स मन्रो यांच्याशी लढावे लागले, आणि मतदारसंघातील बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना दुरुस्त्यांचे आश्वासन देऊन ते १३०८ विरुद्ध ९७२ मतांनी निवडून आले. हे सर्व खरे आहे. परंतु मतदारांना दिलेला शब्द पाळण्यापुरत्या दुरुस्त्या आणायच्या होत्या, तर राज्यांना बांधणारे कलम आणण्याचे कारणच नव्हते. विरोधकांनी ते मागितले नव्हते, उलट त्यांना ते झोंबणारेच होते. ज्या दुरुस्तीतून राजकीय लाभ शून्य, तिलाच हा मनुष्य सर्वांत मोलाची का म्हणतो, याचे उत्तर मला निवडणुकीत सापडत नाही.

१७ ऑक्टोबर १७८८ चे, पॅरिसमध्ये अमेरिकेचे राजदूत असलेल्या थॉमस जेफरसन यांना लिहिलेले त्यांचे पत्र मी वर्गात वाचून दाखवणार आहे. त्यात ते सनदांना चर्मपत्रावरचे अडसर म्हणतात आणि लोकमताचा ओघ विरुद्ध असेल तेव्हा व्हर्जिनियातील सनद प्रत्येक वेळी मोडलेली आपण पाहिली आहे, असे लिहितात. जिथे खरी सत्ता असते तिथेच जुलमाचा धोका असतो आणि आपल्याकडे ती समाजातील बहुमताच्या हाती आहे, हे त्या पत्राचे मर्म आहे. जेफरसन यांनी १५ मार्च १७८९ च्या उत्तरात त्यांना न दिसलेली एक गोष्ट दाखवून दिली, ती म्हणजे सनदेमुळे न्यायसंस्थेच्या हाती येणारा कायदेशीर अंकुश. आणि अवघ्या तीन महिन्यांनी प्रतिनिधिगृहातील भाषणात मॅडिसन यांनी स्वतंत्र न्यायालयांना या हक्कांचे रक्षक म्हटले.

तर जाणकारांना माझी विनंती अशी आहे, की हे मतपरिवर्तन मानावे की मॅडिसन यांच्या जुन्याच विचाराची पुढची पायरी, याविषयी आपले मत आधारासह सांगावे. आणि सिनेटने ते कलम का गाळले हे विद्यार्थ्यांना सांगताना कितपत ठामपणे बोलता येईल, हेही सांगावे. आगाऊ आभार.

प्रतिसाद १

ताई, आपल्या प्रश्नाचा धागा १७८९ पेक्षा मागे, १७८७ च्या वसंत ऋतूत सापडतो. त्या एप्रिलमध्ये मॅडिसन यांनी नव्या घटनेपूर्वीच्या संघराज्याच्या दोषांवर जे टिपण लिहिले, त्यात मोठा भाग राज्यांच्या अन्यायकारक कायद्यांचा आहे. राज्यांच्या कायद्यांवर राष्ट्रीय विधिमंडळाला नकाराधिकार असावा, तोही सर्व बाबतींत, अशी त्यांची इच्छा होती. परिषदेने १७ जुलैला नकाराधिकाराची कल्पना फेटाळली. ही हार त्यांना किती लागली होती हे जेफरसन यांना २४ ऑक्टोबर १७८७ रोजी लिहिलेल्या प्रदीर्घ पत्रात दिसते. परिषदेचा वृत्तांत देता देता ते मध्येच थांबून या एकाच मुद्द्याचे समर्थन पानेच्या पाने करतात. घटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या फेडरलिस्ट लेखमालेतील मॅडिसन यांचा दहावा लेख त्यानंतर महिनाभरातच प्रसिद्ध झाला आणि त्यातला लहान प्रजासत्ताकात गटाचे बहुमत सहज जुलमी होते हा युक्तिवाद याच पत्रात आधी येऊन गेला आहे.

यामागे अनुभवही होता. १७८४ मध्ये पॅट्रिक हेन्री यांनी ख्रिस्ती धर्मोपदेशकांसाठी कर बसवण्याचा प्रस्ताव व्हर्जिनियात आणला होता आणि १७८५ मध्ये मॅडिसन यांनी त्याविरुद्ध निवेदन लिहिले. आपण सांगितलेल्या १७८८ च्या पत्रात याच प्रसंगाचा उल्लेख आहे: सनदेत सदसद्विवेकबुद्धीचा हक्क स्पष्ट लिहिलेला असूनही, लोकांचे बहुमत मिळाले असते तर त्या राज्यात धर्माची सरकारी प्रतिष्ठापना झालीच असती. हे ध्यानात घेतले, की १७८९ चे कलम म्हणजे नाकारलेल्या नकाराधिकाराचेच छोटे रूप आहे असे मला वाटते. फरक एवढाच, की राखणदाराची जागा विधिमंडळाऐवजी न्यायालयाला मिळाली, आणि तो जेफरसन यांच्या पत्राचा परिणाम असावा. म्हणून निवडणुकीने वेळ ठरवली, आशय जुनाच होता, असे माझे मत आहे.

प्रतिसाद २

पहिल्या प्रतिसादाशी सहमत आहे, मात्र एक गोष्ट निसटू नये. १७८८ च्या अखेरीस न्यूयॉर्क व व्हर्जिनिया दुसरी घटना परिषद बोलावण्याची मागणी करीत होते. ती भरली असती तर करवसुलीसारखे केंद्राचे अधिकारच कापले गेले असते. हक्कांच्या दुरुस्त्या स्वतः मांडून मॅडिसन यांनी त्या मागणीतील हवा काढली. हे राजकारण होते, आणि ते चांगल्या कामासाठी केलेले होते.

सिनेटविषयी मात्र जपून बोलावे. १७९५ पर्यंत सिनेटचे कामकाज बंद दाराआड चाले, त्यामुळे अधिकृत नोंदीत निर्णय मिळतात, भाषणे मिळत नाहीत. पेन्सिल्व्हेनियाचे सिनेटर मॅक्ले यांची रोजनिशी हा एरवी मोठा आधार, पण दुरुस्त्यांवरील मुख्य चर्चेच्या वेळी ते आजारी होते. सिनेटरांची निवड तेव्हा राज्यांची विधिमंडळे करीत, आणि मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात चर्चसाठी कर १८३३ पर्यंत चालू होता. यावरून अनुमान काढता येते, पण ते अनुमान आहे असे सांगूनच मांडावे.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाला खरे उत्तर पुढच्या इतिहासात आहे. बाल्टिमोर शहराने ओढ्यांचे प्रवाह वळवल्यामुळे जॉन बॅरन यांच्या धक्क्यापाशी गाळ साचला आणि जहाजे लागेनाशी झाली. भरपाईशिवाय खाजगी मालमत्ता घेण्यास मनाई करणाऱ्या पाचव्या दुरुस्तीच्या आधारे त्यांनी मागितलेली भरपाई १८३३ मध्ये सरन्यायाधीश मार्शल यांनी नाकारली, कारण घटनाकारांना जिथे राज्यांना बांधायचे होते तिथे त्यांनी तसे स्पष्ट लिहिले आहे. दोनच वर्षांनी, १८३५ मध्ये, चार्ल्स्टनच्या टपाल कार्यालयातून गुलामगिरीविरोधी पत्रके जमावाने पळवून जाळली, आणि दक्षिणेतील राज्यांनी असे लेखन दडपणारे कायदे केले. वृत्तपत्रस्वातंत्र्याचे ते गाळलेले कलम घटनेत असते, तर या कायद्यांविरुद्ध निदान बोट ठेवायला जागा मिळाली असती. मॅडिसन आणि मेसन दोघेही गुलामांचे मालक होते, हेही वर्गात सांगायलाच हवे. बहुमताच्या जुलमावर इतके खोल लिहिणाऱ्या माणसाच्या हिशेबात हा जुलूम पुरता उतरला नाही.

यादवी युद्धानंतर १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने राज्यांना अखेर बांधले. तिचे मुख्य शिल्पकार बिंगहॅम यांनी १८७१ च्या भाषणात बॅरन निकालाचा उल्लेख करून, मार्शल यांनी दाखवलेल्या पद्धतीनेच आपण शब्दरचना केल्याचे सांगितले. न्यायालयाने भाषणस्वातंत्र्य राज्यांवर बंधनकारक मानायला त्यानंतरही १९२५ उजाडावे लागले.

धागाकर्तीचा प्रतिसाद

आपणा दोघांचे मनापासून आभार. २४ ऑक्टोबर १७८७ चे पत्र मी नकाराधिकाराशी जोडून वाचले नव्हते, आता दोन्ही पत्रे लागोपाठ वाचायला देईन. बॅरन यांचा धक्का आणि चार्ल्स्टनची पत्रके हे दोन प्रसंग मी एकाच तासिकेत घेईन, म्हणजे ते कलम गाळल्याने प्रत्यक्षात कोणाचे काय गेले हे मुलांना दिसेल. अमेरिकी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर ही पत्रे विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांतील निवडक उताऱ्यांचा मराठी अनुवाद कोणी आधीच केला असेल तर कृपया इथे कळवावे, नाहीतर मी स्वतः करून याच धाग्यावर तपासणीसाठी ठेवीन.