मिठीच्या प्रवेशात तिसऱ्याचाच माईक खरखरतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या हौशी संस्थेच्या संगीत नाटकाचा साउंड मी सांभाळते. आठ बॉडीपॅक (कलाकाराच्या कमरेला लावायचे वायरलेस माईकचे ट्रान्समीटर), त्यांचा सिग्नल पकडणारे आठ रिसीव्हर, बँड म्हणजे वापरायचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा ५१८ ते ५४२ मेगाहर्ट्झ. रविवारी दादरला प्रयोग होता. दुसऱ्या अंकात आई सासरी निघालेल्या लेकीला कुशीत घेते आणि पलीकडे उभे असलेले बाबा बोलू लागतात. नेमकी तिथेच बाबांच्या माईकमध्ये खरखर सुरू झाली, दोन वाक्यं पार गेली. मिठी सुटली आणि माईक पूर्ववत. बाबांचं काम करणारे काका सत्तरीचे आहेत, महिनाभर त्या प्रवेशावर मेहनत घेतली त्यांनी. नंतर एका शब्दाने बोलले नाहीत, पण मला फार लागलं.

सेल नवे होते, पॅकही बदलून पाहिला. सकाळी ११ वाजता रिकाम्या नाट्यगृहात स्कॅन केला होता, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आधीच सिग्नल आहे ते पाहिलं होतं. एका ठिकाणी टीव्ही चॅनलसारखं ८ मेगाहर्ट्झ रुंद सपाट पठार दिसलं, ते सोडून बाकीच्या जागेत ०.४ मेगाहर्ट्झच्या अंतराने सगळे बसवले. आई ५२०.०, लेक ५२०.४, बाबा ५२०.८, असे पुढे. एकेक माईक तपासला तर सगळे स्वच्छ. मग चुकतंय कुठे? शनिवारी पार्ल्यात प्रयोग आहे.

प्रतिसाद:
ताई, पॅक ठीक आहेत, घोळ आकड्यांत आहे. दोन ट्रान्समीटर अगदी जवळ आले की एकाचा सिग्नल दुसऱ्यात शिरतो आणि दोघांच्या मिश्रणातून नवेच सिग्नल उभे राहतात. यालाच इंटरमॉड्युलेशन म्हणतात. एकाची दुप्पट करा, त्यातून दुसरा वजा करा. ५२०.४ ची दुप्पट १०४०.८, त्यातून ५२० गेले, उरले ५२०.८. म्हणजे थेट बाबा! सारखं अंतर ठेवलं की हे होणारच. स्कॅनमध्ये ते सापडत नाही, कारण तेव्हा आपले पॅक बंद असतात, आणि बंदच ठेवायचे असतात.

शुअर कंपनीचं वायरलेस वर्कबेंच हे फ्रिक्वेन्सी ठरवून देणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात स्कॅन टाका आणि आठ जागा मागा. वाकड्यातिकड्या अंतराचे आकडे येतील, ते तसेच्या तसे घ्या, गोल करू नका. शनिवारी प्रयोगाच्या वेळेच्या आसपास पुन्हा स्कॅन करा. शेजारच्या हॉलमधल्या लग्नाचे माईक सकाळी दिसतीलच असं नाही. मग सगळे पॅक रंगमंचावर पसरून चालू करा, फक्त एक बंद. त्याच्या रिसीव्हरवर आरएफचे (सिग्नल येतोय असं दाखवणारे) दिवे लागले तर तो आकडा बदला. असं आठही वेळा. कंटाळा करू नका, खरी परीक्षा हीच.

धागाकर्ती:
दादा, खूप आभार. कागदावर मांडलं तर चौथा, पाचवा, सगळेच अडकलेत. मेकअपच्या टेबलावर आठही पॅक चालू करून चिकटून ठेवत होते, तेही बंद करते. एकच विचारते, रिसीव्हर मागे लोखंडी कपाटाला टेकून आहेत. विंगेत आणू का?

प्रतिसाद:
आणाच. अँटेना डोक्यापेक्षा उंच लावा आणि तिथून कलाकार थेट दिसायला हवेत. शनिवारी काय झालं ते इथे नक्की कळवा.