रिकॉलचं काम राहिलेली गाडी नावावर होऊच देऊ नये

घाटवाट:
गेल्या श्रावणात आंबेनळीच्या चढणीला आमची गाडी एकाएकी बंद पडली. बाहेर धुकं, मागे एसटी, शेजारी आई. गाडी आमच्याकडे तिसऱ्या हाती आलेली. कंपनीचं नाव घेत नाही, मुद्दा वेगळा आहे. नंतर कळलं, तिच्या फ्युएल पंपासाठी रिकॉल निघाला होता, म्हणजे दोष सापडल्यानं कंपनीनं त्या गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या होत्या, आणि पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलं होतं.

म्हणून माझं स्पष्ट मत: सुरक्षेचा रिकॉल बाकी असेल तर आरटीओनं ट्रान्सफर थांबवावी. विमा आणि पीयूसी मागतातच ना?

आता भाऊ २०१९ ची एक लिटरची मारुती वॅगनआर बघतोय, म्हणून माहिती काढली. ऑगस्ट २०१९ मध्ये फ्युएल होजसाठी, म्हणजे पेट्रोलच्या नळीसाठी, ४०,६१८ वॅगनआर बोलावल्या. जुलै २०२० मध्ये फ्युएल पंपासाठी ५६,६६३, त्याच वेळी ७८,२२२ बलेनो. मार्च २०२४ मध्ये पंपाच्या मोटरच्या भागासाठी पुन्हा ४,१९० वॅगनआर आणि ११,८५१ बलेनो. जाहीर झालेल्या तारखा जुळवल्या तर ३० जुलै ते १२ ऑगस्ट २०१९ मध्ये बनलेली वॅगनआर तिन्हींच्या कक्षेत येते! त्यातली नेमकी कुठली गाडी, हे कंपनीच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकल्यावरच कळतं. विकणारा म्हणतो, "सर्व्हिस वेळेवर केलीय." पण कुठल्या रिकॉलचं काम झालं, ते त्याला सांगता येत नाही.

पाना_दहा_बारा:
तुमच्या आईचा जीव टांगणीला लागला, ते वाचून वाईट वाटलं. तरी उपाय पटत नाही. माझं गॅरेज तालुक्याच्या गावी आहे. रिकॉलचा पार्ट कधी आठवड्यात येतो, कधी दोन महिने येत नाही. दवाखान्याच्या बिलासाठी गाडी विकायला काढलेल्या माणसानं तोवर काय करायचं? दोष कारखान्याचा आणि अडवणूक मालकाची. शिवाय आरटीओत आणखी एक खिडकी म्हणजे एजंटाला आणखी एक कमाई.

नेकारकाठ:
मी स्टुटगार्टला राहते. इथे पत्र नोंदणीतल्या सध्याच्या मालकाला येतं, पहिल्या नव्हे. गंभीर दोष असूनही काम करून घेतलं नाही, तर गाडी रस्त्यावर आणायला बंदी घालता येते. त्यामुळे पत्र कुणी टेबलावर पडू देत नाही. आपल्याकडेही आरसीवर आजचा मालक असतोच की! घाटवाट यांना पाठिंबा.

साधासोपा:
एवढं कशाला? २०२० नंतरचं मॉडेल घ्यायचं, विषय संपला. आणि रिकॉल काढणारी कंपनी निदान चूक कबूल तरी करते. ट्रान्सफर अडवली तर उद्या कंपन्या गुपचूप सर्व्हिसमध्येच पार्ट बदलतील.

नेकारकाठ:
वर्ष बदललं म्हणजे दोष गेला असं नसतं. अमेरिकेतली शेवरले कोबाल्ट घ्या. किल्लीचा स्विच सैल होता. जड जुडगा लटकला की तो घसरायचा, इंजिन बंद पडायचं आणि ऐन धडकेत एअरबॅग उघडायच्या नाहीत. कंपनीनं स्विच गुपचूप सुधारला, पण पार्ट नंबर तोच ठेवला. २०१४ मध्ये आधी जुन्या वर्षांच्या गाड्या बोलावल्या, मग २००८ ते २०१० च्याही बोलवाव्या लागल्या, कारण दुरुस्तीत जुने स्विच बसले असण्याची शक्यता होती. तो स्विच असलेली कंपनीची सगळी मॉडेल्स मिळून तिच्या भरपाईच्या निधीनं १२४ मृत्यू मान्य केले.

पाना_दहा_बारा:
हे खरं आहे. डब्यावर नंबर एकच असेल तर आम्हाला आतला फरक कळणार कसा? पण मग पकडा कंपनीला. १ एप्रिल २०२१ पासून सरकार रिकॉलची सक्ती करू शकतं, दंड १ कोटीपर्यंत आहे. फक्त ती सक्ती सात वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच आहे. सेकंडहँड बाजारातल्या बऱ्याच गाड्या त्याहून जुन्या असतात. भांडायचं तर ही मर्यादा काढण्यासाठी भांडा.

घाटवाट:
सात वर्षांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पार्टचंही मान्य: पार्ट नाही असं सर्व्हिस सेंटरनं लेखी दिलं तर ट्रान्सफर होऊ द्या, पण बाकी रिकॉल आरसीवर छापा. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीनं एअरबॅग कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या बोलावल्या, तेव्हा पार्ट बदलेपर्यंत गाडी चालवू नका असं कंपनीनंच सांगितलं होतं. तशी गाडी न सांगता विकणं मला गुन्हाच वाटतो.

पाना_दहा_बारा:
आरसीवर छापायला माझी हरकत नाही. अडवायला अजूनही आहे. भावाच्या गाडीचा चेसिस नंबर आधी तपासा, आरसीवर पूर्ण सतरा अक्षरं मिळतील. आणि फ्युएल होज स्वतः वाकून बघा, क्लॅम्पला घासतोय का ते.