नात परदेशी गेल्यापासून सासूबाई खचल्यात, काय करावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत राहतो. माझ्या दिरांची मुलगी जन्मापासून सासूबाईंच्याच अंगाखांद्यावर वाढली. दीर-जाऊ दोघंही नोकरीला, त्यामुळे न्हाऊमाखू, मऊ भात, रात्रीची गोष्ट, सगळं आजीकडेच. आता ते तिघं जर्मनीला स्थायिक झालेत.

सासूबाई रडत नाहीत, तक्रारही करत नाहीत. पण जेवण निम्म्यावर आलंय, भजनी मंडळ बंद, आणि दुपार झाली की फोन मांडीवर. हिवाळ्यात तिकडचं घड्याळ साडेचार तास मागे असतं, पोरगी किंडरगार्टनमधून येईपर्यंत इथे रात्र होते. आली तरी दोन मिनिटं बोलून पळते. लहानच आहे, तिचा काय दोष? पण इकडे 'मला विसरली गं' सुरू होतं. जाऊबाईंना सांगावं तर त्यांना टोमणा वाटतो.

उन्हाळ्यात त्यांना तिकडे पाठवायचा विचार आहे. शेंगेन व्हिसावर (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा) १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. पण परत येताना पुन्हा तीच ताटातूट, ती झेपेल का?

'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, पण 'मी काय वेडी आहे?' म्हणून त्या फोन धरत नाहीत. कुणी घरातल्या ज्येष्ठांना समुपदेशनासाठी तयार केलंय का? कसं? आणि एवढ्या लहान मुलांना व्हिडिओ कॉलवर रमवायला काय करता? 'मन रमवा' सोडून काहीही सांगा, ते सांगून झालंय.