कॅमेऱ्याआधी आवाजाचे पैसे बाजूला काढा

फिल्मसाठी ६० हजार रुपयांत कुठला कॅमेरा घ्यावा असं तुम्ही विचारलंय, आणि शूटिंग वाईजवळ मेणवलीच्या नदीघाटावर, कासच्या पठारावर आणि एका घरात आहे. कॅमेरा विकत घेऊच नका, लागतील तेवढे दिवस भाड्याने आणा. पैसे आवाजावर घाला.

पठारावर वारा अडवायला काहीच नाही. तिथे माइकवर नुसता स्पंज पुरत नाही, वरून केसाळ विंडशील्ड हवंच. वाऱ्याची घरघर संवादावर बसली की एडिटिंगमध्ये ती धड निघत नाही. शॉटगन माइक (समोरचाच आवाज टिपणारा लांबट माइक) कॅमेऱ्यावर ठेवला तर लांबचा नट पोकळ ऐकू येतो. बूमवर, म्हणजे लांब काठीवर, लावून तोंडापासून दीड-दोन फुटांवर, चित्राच्या चौकटीच्या जरा वर धरा. रेकॉर्डरचं सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा, आणि मोठ्यात मोठा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास. घाटावर सगळ्यांना गप्प करून अर्धा मिनिट नुसता तिथला आवाज घ्याच, कट जोडताना त्याचीच गरज पडते.

घरातल्या सीनला कॅमेऱ्यावर सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं), शटर १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त दिव्यांचा उजेड तिच्याच तालात कमी-जास्त होतो, आणि हे आकडे त्या तालाशी जुळतात. २४ फ्रेम आणि १/४८ ठेवलं तर स्वस्त एलईडी दिवे चित्रात लुकलुकतात. चेहऱ्यावर उजेड वळवायला पांढरा थर्माकोल पुरतो.