ओट्यामागे छोट्या टाईल्स नकोतच! तुमचं काय मत?

किचनचं काम काढलंय आणि ओट्यामागच्या टाईल्सवरून घरात रोज वाद चाललेत. माझं मत ठाम आहे, ३ बाय ६ इंची सबवे टाईल्स फोटोत कितीही छान दिसू देत, शेगडीमागे लावू नयेत. टाईलशी माझं भांडण नाही, सांध्यांशी आहे. हिशोबच केला मी, १० फूट लांब आणि २ फूट उंच भिंतीला अशा १६० टाईल्स लागतात आणि सगळे सांधे मिळून जवळपास १०८ फूट होतात. तीच भिंत १ बाय २ फुटी टाईल्सनी केली तर १० टाईल्स आणि सांधे फक्त १८ फूट. टाईल फडक्याने पुसली जाते हो, पण सांध्यात बसलेलं तेल ब्रशने घासावं लागतं आणि ते घासणारी मी आहे.

प्रतिसाद १: अजिबात पटलं नाही. सांध्यात काय भरणार ते तुम्ही लिहिलंच नाहीये, सगळा खेळ तिथेच तर आहे. साधं सिमेंटचं ग्राउट सच्छिद्र असतं, ते तेल पिणारच. एपॉक्सी ग्राउट घ्या, ते रेझिन आणि हार्डनरचं असतं, पाणी तेल काहीच आत जात नाही. माझ्याकडे शेगडीमागे छोट्याच टाईल्स आहेत, एपॉक्सी भरून ६ वर्षं झाली, राखाडी रंगाचं घेतलं होतं आणि अजून तसंच आहे. छोट्या टाईल्सनी भिंतीला जो जिवंतपणा येतो तो मोठ्या सपाट टाईलला येत नाही, मग निव्वळ पुसण्याच्या भीतीने तो का सोडायचा?

प्रतिसाद २: एपॉक्सी चांगलंच, पण ते करणारा मिस्त्री तसा हवा. ते पटापट घट्ट होतं, थोडं थोडं कालवून भरायचं आणि लगेच ओल्या स्पंजने पुसायचं. आमच्याकडे मिस्त्रीने अख्खी भिंत भरली आणि मग पुसायला घेतली, टाईल्सवर धुरकट थर बसला तो बसलाच, मॅट टाईल्स होत्या त्यामुळे निघतच नव्हता. १०८ फूट सांधे असतील तर ही जोखीमही तेवढीच वाढते, मी धागाकर्तीच्या बाजूने.

प्रतिसाद ३: शेगडीमागे मॅट नकोच, ग्लॉसी घ्या.

प्रतिसाद ४: मोठ्या टाईल्सचे त्रास कुणीच लिहीत नाहीये म्हणून लिहितो. भिंत सपाट नसेल तर मोठ्या टाईलची एक कड वर येते, छोट्यांमध्ये ते खपून जातं. स्विचबोर्डसाठी मधोमध चौकोन कापताना कोपऱ्यातून तडा जातो. आणि मोठी म्हणून व्हिट्रिफाईड, म्हणजे भाजून काचेसारखी घट्ट केलेली टाईल, घेणार असाल तर ती ०.५ टक्क्याहून कमी पाणी शोषते, साध्या सिमेंटच्या मालाला नीट धरत नाही, टाईल अ‍ॅडहेसिव्हच लागतं. खरं तर या भिंतीवर ना कुणी चालणार ना वजन येणार, साधी ग्लेझ्ड सिरॅमिक पुरते.

प्रतिसाद ५: आणि मार्बलच्या मोहात कुणी पडू नका. आंबट काही उडालं की चकाकी जाते, तो डाग नसतो, दगडच खाल्ला जातो, त्यामुळे घासून उपयोग नाही. दगडाला लावतात त्या सीलरने डाग अडतात, हे अडत नाही.

धागाकर्ती: @प्रतिसाद ४, अ‍ॅडहेसिव्हचं माहीत नव्हतं, बरं झालं लिहिलंत, ग्लेझ्ड सिरॅमिकच बघते मग. @प्रतिसाद १, तुमची ६ वर्षं मानते, पण शेगडीमागे छोट्या नकोत हे मत तरी बदललं नाही. शेगडीमागे १ बाय २ ग्लॉसी, सांधे २ मिमी, तेही एपॉक्सीनेच भरायचे, आणि सिंकपलीकडच्या कोरड्या भिंतीला हौस म्हणून छोट्या. भिंत आणि ओटा मिळतात तिथे सिलिकॉन भरून घेईन, तिथलं ग्राउट आत्ताच्या ओट्याला दरवर्षी फुटतं. १० टक्के टाईल्स जास्तीच्या आणि एकाच बॅचच्या आणायच्या हेही ठरलंय. आता शेगडी आणि सिंकच्या मधल्या पट्टीत कुठल्या लावायच्या यावर बोला, तिथे पाणी पण उडतं आणि तेल पण.